घाण्याचा बैल चालला खंडाळ्याला

पनवेलहून अलिबागला सायकलने जाणारे पुष्कळ आहेत. ते उजाडायच्या आत निघतात, वाटेत फोटो काढतात, दुपारी मासे खातात आणि सायकली टेम्पोत घालून परत येतात. ब्रेक नसलेल्या सायकलवरून, रिक्षाच्या मागे, आत्याच्या नवसापायी गेलेली मात्र मी एकटीच असेन. तेव्हा हे वर्णन कुणाला वाट सापडावी म्हणून लिहीत नाही. अशा रीतीने त्या वाटेला कुणी जाऊ नये म्हणून लिहिते आहे.

पनवेल

आधी माझ्या धंद्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी ट्रॅकवर सायकल शर्यती खेळायचे. गेल्या हंगामात निवृत्त झाले. ट्रॅक म्हणजे वाटीसारखा कडेने उचललेला लाकडी गोल रस्ता, वर छप्पर; आत ऊन नाही, वारा नाही, म्हैस नाही. सायकलला गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाहीत. पेडल चाकाला पक्कं जोडलेलं असतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. दमलात म्हणून पाय सैल सोडायची सोय नाही. थांबायचं तर पायांनीच उलटा जोर लावत हळूहळू थांबायचं.

या गोल रस्त्यावर मी शाळेच्या शेवटच्या वर्षापासून फिरत आले. आधी दिल्लीला वसतिगृहात, मग युरोपातल्या एका संघाबरोबर करारावर, मध्ये एक हंगाम जपानमध्ये. जर्मनीत लोक बिअर पीत, सॉसेज खात आमची शर्यत बघायचे आणि मोक्याच्या क्षणी दुसरा सॉसेज आणायला उठायचे. जपानमध्ये हरलेल्या घोड्याला द्याव्यात तशा शिव्या द्यायचे, पण रांगेत उभं राहून. पदकं मिळाली, नाव झालं, वर्तमानपत्रात फोटो आले. एवढं फिरूनही सायकलवरून एका गावाहून दुसऱ्या गावाला मी कधी गेले नव्हते.

माझ्या या कीर्तीवर माझ्या सिपोरा आत्याचं म्हणणं एका वाक्यात संपतं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आत्या म्हणते, "आपल्या घराण्यात आधी बैल गोल फिरायचा, आता पोरगी फिरते. बैलाला निदान शनवारी सुट्टी होती, हिची शर्यतच शनवारी!"

आईवडील गेल्यावर मला वाढवलं ते या आत्याने. टेलिफोन खात्यात नोकरी करून, पनवेलच्या बाजाराजवळच्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर. आता ती एकोणऐंशीची आहे आणि तिचा मुलगा शमू इस्राएलमध्ये अश्दोदला असतो. मी रोडपालीला घर घेतलं ते तिच्या जवळ राहावं म्हणून. गेल्या पावसाळ्यात ती जिन्यात घसरली तेव्हापासून शमूने ममाला घेऊन जायचा ध्यास घेतला. कागदपत्रं झाली, तिकीट आलं आणि आत्याने घोषणा केली, "नवस फेडल्याशिवाय मी विमानात बसणार नाही. अर्ध्या वाटेत काही झालं तर सगळ्या प्रवाशांचा तळतळाट मला."

नवस जुना होता. माझ्या पहिल्या मोठ्या परदेशी शर्यतीआधी माझं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. तेव्हा आत्या एसटीने खंडाळ्याला गेली. घाटातलं नव्हे, हे अलिबागच्या अलीकडचं खंडाळे. तिथे एक खडक आहे. एलियाहू हन्नबी, म्हणजे आमचे एलिया संदेष्टे, आपल्या रथासकट तिथून स्वर्गाला गेले आणि रथाच्या चाकांच्या खुणा खडकावर उमटल्या, असं आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. आत्या त्या खडकापुढे म्हणाली होती, "पोरीला सुवर्ण मिळू दे. ती त्याच सायकलवर बसून तुझ्या दारी येईल आणि मी मलिदा करीन."

सुवर्ण मिळालं. ती सायकल मी आत्याला दिली आणि तिने ती भिंतीवर टांगली. तेव्हापासून हँडलच्या एका मुठीला छत्री आणि दुसरीला बाजाराची पिशवी असे. प्रत्येक सुट्टीत आत्या विचारायची, "या खेपेला जायचं का?" आणि मला परत ट्रॅकवर जायचं असायचं.

शमूने फोनवर हात जोडले. "मिरू, एकदाची चालव ती सायकल, म्हणजे ममा येईल."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी गेले तर आत्या जाणार. मी नाही गेले तर आत्या इथेच राहणार, नवस अंगावर घेऊन, त्या जिन्यासकट. दोन्ही मला नको होतं. पण नको म्हणायला मला कुणी विचारलंच नव्हतं.

सायकलला नवे टायर चढवले. बाजारातला सायकलवाला म्हणाला, "ताई, रोडवर जाताय तर ब्रेक बसवतो, स्टँड बसवतो, घंटी बसवतो." प्रकरण आत्याकडे गेलं. तिने चष्मा लावून सायकल न्याहाळली आणि निकाल दिला, "ब्रेक नाही. मी हन्नबीला 'त्याच सायकलवर' म्हणाले होते, सुधारून वाढवून नाही. स्टँडही नको. घंटी चालेल. घंटीने वेग कमी होत नाही."

कर्नाळा

फेब्रुवारी सरत आला होता. मंगळवार धरला, कारण शनिवार-रविवार अख्खी मुंबई अलिबागला लोटते. रिक्षा जनार्दनची. हा पनवेलजवळच्या कोन गावचा, पन्नाशीचा, आत्याला गेली कित्येक वर्षं दवाखाना, बँक, देऊळ (आमच्या सिनेगॉगला तो देऊळच म्हणतो) सगळीकडे नेणारा. मागच्या सीटवर आत्या, तिच्या मांडीवर मलिद्यासाठी ताट, पायाशी नारळ, गूळ, केळी, खजूर, सफरचंदं. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे आत प्रार्थना लिहून ठेवलेल्या डबीला, हात लावून, तो हात ओठांना लावून ती खाली उतरली होती. जिना उतरताना मला हात धरू दिला नाही.

ट्रॅकवर सुरुवातीला एक माणूस मागून खोगीर धरून ठेवतो. ते काम जनार्दनने केलं.

"ताई, ही शायकल थांबाची कशी?"

"पायाने. हळूहळू."

"आनि पटकन थांबाची आसली तर?"

"पटकन थांबत नाही."

"मंग हिला इकतात कशाला?" त्याने धरलेला हात आणखी घट्ट केला. सोडायला दोनदा सांगावं लागलं.

पळस्पे फाट्यापर्यंत मी रिक्षाच्या मागे चिकटून गेले आणि बरं वाटलं, कारण मोटारीमागे चालवणं हाच माझा खरा धंदा. मी केरिन नावाच्या शर्यतीत तरबेज. त्यात पुढे एक छोटी मोटारसायकल असते, मागे आम्ही सहा-सात जणी. ती वेग हळूहळू वाढवत नेते आणि मग एकदम ट्रॅकवरून बाजूला होते. ती बाजूला झाली रे झाली की आम्ही जीव घेऊन सुटतो. पुढचे काही सेकंद म्हणजे माझं सगळं करिअर.

कर्नाळ्याच्या चढाला या करिअरचा काडीइतका उपयोग झाला नाही. माझ्या मांड्या बघून लोकांना वाटतं ही डोंगर चढेल. या मांड्या काही सेकंदांच्या आहेत. त्यानंतर त्या नुसतं ओझं. चढावर दुधाच्या किटल्या लावलेली साधी सायकल मला मागे टाकून गेली. चालवणारे आजोबा वळून म्हणाले, "हवा भरून घे गो."

रिक्षाच्या मागच्या फटीतून आत्याचा हात बाहेर आला. हातात अंड्याची पोळी. युरोपात आमचा मदतनीस डब्यातून रबरासारखी गोड वडी द्यायचा आणि कॅलरी सांगायचा. आत्या म्हणाली, "खा. आणि तोंड मिटून चाव, माश्या आहेत."

पेण

खारपाड्याच्या पुलावर वारा लागला, पाताळगंगा खाली चकाकत होती, सपाट रस्ता आला आणि मी ताजीतवानी झाले. जनार्दनने वेग वाढवला. मीही वाढवला. ट्रॅकवरच्यासारखी रिक्षाच्या मागच्या चाकाला नजर लावून बसले. डोकं रिकामं झालं.

आता चूक कुणाची ते वाचकांनी ठरवावं. आमच्या मलिद्याला पोहे लागतात आणि ते पेणचेच हवेत असा आत्याचा हट्ट. गावात शिरल्यावर तिला पोह्यांचं दुकान दिसलं. तिने जनार्दनच्या खांद्यावर हात मारला. जनार्दनने रिक्षा झटक्यात डावीकडे घेतली.

पुढची मोटार बाजूला झाली. माझ्या पायांनी मला विचारलं नाही, सुटले.

पेणच्या बाजारपेठेतून मी जी गेले ती बहुधा त्या रस्त्यावरची सर्वात वेगवान सायकल असेल. घंटी वाजत होती. बायका बाजूला झाल्या, कुत्रं आधी मागे लागलं आणि मग विचार बदलून परत गेलं. समोर दोन कारागीर हातगाडीवरून एक गणपती रस्ता ओलांडून नेत होते. अजून रंग न दिलेला, पांढराशुभ्र, डोळे काढायचे बाकी. मी ज्यू आणि तो गणपती, पण त्या क्षणी मी त्याला मनापासून हाक मारली. हातगाडी हातभर पुढे सरकली, मी मागून निघाले. "ब्रेक लाव की!" एक कारागीर ओरडला. हे सांगण्यात त्याची काही चूक नव्हती.

तोवर ताकद संपली, पण चाक फिरत होतं म्हणून पायही फिरत होते. गाव संपलं तरी मी चालूच. शेवटी रस्त्याकडेच्या एका रसवंतीचा खांब दिसला, त्याला मिठी मारली आणि खांबाभोवती अर्धी फेरी घालून थांबले. रसवंतीवाला हातात ऊस धरून बघत होता. त्याने विचारलं, "आलं-लिंबू टाकून देऊ?"

दुसरा ग्लास संपला तेव्हा रिक्षा आली. आत्या खाली उतरली. मांडीवरचं ताट जनार्दनच्या हातात देऊन तिने कमरेवर हात ठेवले.

"पोहे घ्यायला थांबले तर तू कुठे निघालीस? एकटीच नवस फेडणार होतीस?"

मी केरिनची गोष्ट सांगितली. आत्याने शांतपणे ऐकली.

"म्हणजे पुढचं बाजूला झालं की तू पळतेस?"

"पळतेच. विचार नाही करत. इतकी वर्षं तेच केलंय."

"कितीही दमलेली असलीस तरी?"

"दमले की नाही ते नंतर कळतं."

"हं," आत्या म्हणाली आणि रस मागवला.

वडखळ ते पेझारी

वडखळला अलिबागचा रस्ता उजवीकडे फुटतो. ट्रॅकवर सगळ्या शर्यती डावीकडे वळत होतात; उजवीकडे वळायचा प्रसंग मला उभ्या कारकिर्दीत आला नव्हता. नाक्यावर ट्रकांच्या मधून रिक्षामागे ते वळण घेतलं आणि कसलंसं पदक मिळाल्यासारखं वाटलं. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, एका ट्रकच्या क्लीनरने मात्र शिट्टी मारली.

धरमतरच्या पुलापलीकडे सावलीत जेवलो. जनार्दनच्या बायकोने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली होती. वासाने मी वेडी झाले, पण सुकट म्हणजे वाळवलेली कोळंबी आणि आम्हाला खवले असलेलेच मासे चालतात. बेल्जियममध्ये संघाच्या जेवणात शिंपल्यांची परात आली की मी असंच तोंड करून बटाटे खायचे.

"एवढीशी हाय ती," जनार्दन म्हणाला. "खवले आसतील तरी दिसनार नाय."

"देवाला दिसतात," आत्या म्हणाली आणि तिने त्याची भाकरी मात्र घेतली.

मग पेझारीचा नाका आला. माझं आडनाव पेझारकर. जगभरच्या निवेदकांनी या नावाचे हाल हाल केले. एकाने तर इटालियन समजून मला शर्यत संपेपर्यंत तिकडची करून टाकलं. आणि ज्या गावाचं नाव पाठीवर लावून मी एवढी फिरले तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा येत होते, तेही न थांबता. आत्याने रिक्षातून बोट दाखवलं. "इथे कुठेतरी आपला घाणा होता." मी त्या दिशेला बघितलं. मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तरीही मी घंटी वाजवली.

कार्ले खिंड

ही खिंड गाडीतून जाणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. मला ती जन्मभर लक्षात राहील. ऊन उतरायचं नाव घेत नव्हतं. चढाच्या मध्यावर माझे पाय लाकडाचे झाले. सायकल चालतेय की उभी आहे हे बाजूच्या झुडपाकडे बघून ठरवावं लागत होतं.

"आत्या, मी उतरते," मी म्हटलं.

रिक्षा अगदी चालत्या माणसाच्या वेगाने पुढे होती. आत्याने वळून मागच्या फटीतून बघितलं.

"उतर," ती म्हणाली. "मी काही रागवायची नाही. शमूला सांगेन, नवस राहिला."

तिने हे अगदी साधेपणाने म्हटलं. नुसता पाय टेकायचा होता. पाय टेकला की आत्या पनवेलला. शुक्रवारी संध्याकाळी मी रोडपालीहून जाणार, ती आमच्या शनवारचे दिवे लावणार, मला नावं ठेवणार, सगळं होतं तसंच. मला ती हवी होती. मी चौतीस वर्षांची बाई, भर रस्त्यात, आत्या जाऊ नये म्हणून हरायला तयार झाले होते, आणि हरणं मला कधी एवढं गोड वाटलं नव्हतं. मी पायाचा जोर काढून घेतला.

आत्या बघत होती. मी शाळेत पोटदुखीचं सोंग करायचे तेव्हा बघायची तशी. मग मला तो जिना आठवला, आणि तिलाही काहीतरी आठवलं असावं, कारण तिने डोळे पुसले, पुढे वळली आणि जनार्दनच्या खांद्यावर हात मारला.

"जनार्दन, बाजूला घे!"

रिक्षा डावीकडे गेली. समोर मोकळा रस्ता.

मी सुटले. पायांनी याही वेळी मला विचारलं नाही. रिक्षाच्या बाजूने जाताना मी "आत्या, हे चीटिंग आहे!" असं ओरडले आणि ती ताट सांभाळत ओरडली, "चल, चल, चल!" माझ्या एकाही प्रशिक्षकाला असं ओरडता आलं नाही. माथ्यावर पोचले तेव्हा मी रडत होते; घामात ते कुणाला कळलं नसतं, पण बघायलाही कुणी नव्हतं.

रडायला फार वेळही मिळाला नाही, कारण पुढे उतार होता. उतारावर ही सायकल काय करते याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. पेडलं पंख्यासारखी फिरायला लागली, पाय त्यांच्याबरोबर. मागून जनार्दन हॉर्न दाबून ओरडत येत होता, "बाजू व्हा! थांबत नाय ती! बाजू व्हा!" खंडाळ्याच्या शिवारात रस्त्याकडेला पेंढ्याची उंच उडवी रचलेली होती. मी डोळे मिटून सायकल तिच्यात घातली. आतून मऊ होतं.

खंडाळे

खडकाजवळ आत्याने बोलावलेली आमची माणसं जमली होती. अशा प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष असावे लागतात. पूर्वी पनवेलहूनच दोन बस निघायच्या म्हणे. आता पनवेल, पेण, अलिबाग मिळून नऊ भरले. जनार्दन रुमाल डोक्याला बांधून पुढे झाला. "दहावा मी उभा राहतो की. आत्याचा नवस तो आमचा नवस."

"तू चालत नाहीस रे," आत्या म्हणाली, पण तिने त्याच्या रुमालाची गाठ नीट करून दिली. शेवटी अलिबागचे एक काका स्कूटरवरून आले आणि दहा झाले. जनार्दन तरी रुमाल न सोडता मागे उभा राहिला.

ताटात तिथेच कालवलेला पेणच्या पोह्यांचा गोड मलिदा, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, भोवती फळं. मी केसातला पेंढा काढत उभी होते. प्रार्थना चालू असताना खडकावरच्या चाकांच्या खुणा धंद्याच्या नजरेने बघितल्या. आमच्याकडे अशी खूण चाक घासलं तरच उमटते, म्हणजे एकतर कुणी कचकचून थांबलं किंवा जीव घेऊन सुटलं. हन्नबी थांबले नव्हते हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे.

सगळ्यांना मलिदा वाटून झाल्यावर आत्या एकटीच खडकाजवळ गेली, डोळे मिटले, ओठ हलले. मला धडकी भरली.

"आत्या, काय बोललीस?"

"नवस."

"आत्ताच एक फेडला ना!"

"म्हणून तर जागा रिकामी झाली." तिने खजुराची बी काढून मला खजूर भरवला. "म्हटलं, मला एकदा परत आण. आणलंस तर मिरू मला पनवेलहून डबलसीट घेऊन येईल."

"याच सायकलवर?"

"मी वेडी आहे का? ब्रेकवाल्या."

"आणि परत नाही आलीस तर?"

"तर तुझी सुटका," आत्या म्हणाली आणि उरलेला मलिदा डब्यात भरायला लागली.

पुन्हा पनवेल

आत्या ठरल्या दिवशी गेली. भिंतीवरची सायकल आता माझ्याकडे रोडपालीला टांगली आहे, छत्रीसकट. बाजारातल्या सायकलवाल्याकडून मी नवी घेतली: काळी, जड, पुढे-मागे ब्रेक, स्टँड, घंटी, मागे रुंद कॅरिअर. त्याने बिल करताना मला विचारलं, "ताई, रेससाठी?" मी हो म्हटलं.

रविवारी कॅरिअरवर तांदळाचं पोतं बांधून कर्नाळ्याच्या चढापर्यंत जाऊन येते. पहिल्या खेपेला पोत्यासकट आडवी झाले. आता वरपर्यंत पोचते, दोनदा थांबून. जनार्दनची रिक्षा वाटेत भेटली की तो ओरडतो, "ताई, आत्या कवा येते?"

"ठरलं नाही."

"मंग थोरला पोता घ्या. तिकडं खाऊन जाड होईल ती."

परवा व्हिडिओ कॉलवर मीही आत्याला विचारलं, परत कधी येतेस? तिच्या मागे खिडकीत तिकडचा समुद्र दिसत होता. ती चष्मा सारखा करून म्हणाली, "कॅरिअरवर उशी बांधलीस का, ते आधी सांग."

बांधली आहे.